ऑलदुवाई "जाता जाता" करू नका (टांझानियाच्या प्रश्नाला माझं उत्तर, जरा लांबलंय)

ताई, तुमची पोस्ट वाचली आणि लगेच आमची २०१९ ची आयटिनररी मेलमधून शोधून काढली. अगदी तीच ओळ! तुमच्या कोटेशनमध्ये सहाव्या दिवशी "सेरेंगेटी ते कराटू, ऑलदुवाई गॉर्ज एनरूट" असं लिहिलंय आणि तुम्ही विचारताय की सासऱ्यांना ऑलदुवाईच्या घळीची, म्हणजे आदिमानवाचे अवशेष सापडले त्या जागेचीच मुख्य ओढ आहे, बाकी सगळ्यांना सिंह-हत्ती बघायचेत, तर एवढं पुरेसं आहे का. नाही, पुरेसं नाहीये, आणि पैसे भरायच्या आधी हे वाचाच.

व्हिसा, कॅमेरा, कपडे यावर इथे आधीच भरपूर लिहून झालंय, त्यात शिरत नाही.

माझे बाबा नाशिकला शाळेत भूगोल शिकवायचे. गंगापूरला गोदावरीच्या काठी पुरातत्त्वज्ञ सांकलियांना दगडी हत्यारं सापडली हे ते दरवर्षी वर्गात सांगायचे आणि मग फळ्यावर आफ्रिका काढून ऑलदुवाईची खूण करायचे. ही ट्रिप आम्ही त्यांच्यासाठीच काढली होती. मी त्या ट्रॅव्हल ऑफिसला (नाव लिहीत नाही, उगाच वाद नको) तीनदा फोनवर विचारलं की तिथे नक्की किती वेळ मिळेल, तिन्ही वेळा उत्तर एकच, "मॅडम, रस्त्यातच आहे, होऊन जाईल."

रस्त्यात आहे हे खरंच आहे. न्गोरोंगोरोहून (मोठं ज्वालामुखी क्रेटर असलेलं संरक्षित क्षेत्र) सेरेंगेटीच्या राष्ट्रीय उद्यानाकडे जाणाऱ्या मुख्य रस्त्यापासून थोडंच आत. पण त्या रस्त्यावर तुमची गाडी घड्याळावर चालते आणि हे आम्हाला कोणीच सांगितलं नाही. सेरेंगेटीचं परमिट २४ तासांच्या हिशोबाने असतं. आम्ही नाबी हिल गेटने दुपारी दोनला आत गेलो होतो, ऑफिसने बरोबर दोन दिवसांचे पैसे भरलेले, म्हणजे तिसऱ्या दिवशी दोनच्या आत बाहेर, नाहीतर सगळ्यांचे एका दिवसाचे पैसे पुन्हा. हे एक घड्याळ. दुसरं घड्याळ संध्याकाळचं, कारण स्वस्त पडतं म्हणून मुक्काम न्गोरोंगोरोबाहेरच्या कराटू गावात ठेवलेला आणि त्यासाठी न्गोरोंगोरोच्या हद्दीतून लोडोआरे गेटने सहाच्या आत बाहेर पडावं लागतं. आता या दोन घड्याळांच्या मध्ये जो वेळ उरतो तो ऑलदुवाईचा. सकाळी बिबट्या दिसला, तिथे तास गेला (कोण म्हणणार चला म्हणून?), नाबीला पोचलो पावणेदोनला, तिथे कागदपत्रं, जेवणाचे डबे, आणि ऑलदुवाईला पोचेपर्यंत चार. कराटूपर्यंत अजून दोन तासांच्या आसपास. हिशोब करा.

पंचवीस मिनिटं मिळाली. व्ह्यूपॉइंटवर तिथला गाइड थर समजावत होता, तळाला काळा बेसाल्ट, वर राखेचे आणि तळ्यातल्या गाळाचे थर, मग तो लाल थर. बाबा म्हणाले "बेसाल्ट म्हणजे हा तर आपलाच दगड" आणि प्रश्न विचारायला लागले, तेवढ्यात ड्रायव्हर येऊन उभा राहिला. त्याची काहीच चूक नव्हती, तो चांगला माणूस होता. म्युझियम आम्ही अक्षरशः चालत पार केलं. खाली घळीत उतरायचं तर वेगळी फी, बरोबर तिथलाच गाइड आणि हातात वेळ लागतो, यातलं आमच्याकडे काहीच नव्हतं. १७ जुलै १९५९ ला तिथे शोध घेणारे संशोधक लुई लीकी तापाने तंबूत पडून होते आणि त्यांच्या पत्नी मेरी लीकी एकट्या बाहेर पडल्या, तेव्हा त्यांना झिंजची (त्या आदिमानवाचं हे टोपणनाव) कवटी दिसली. ती जागा खाली घळीत आहे, तिथे खुणेचा दगड बसवलाय. बाबांना तिथे उभं राहायचं होतं. आम्ही वरून नुसती दिशा बघितली. परतीच्या गाडीत ते काहीच बोलले नाहीत आणि मला ते अजून आठवतं.

परत आल्यावर ऑफिसला सविस्तर मेल केला. उत्तर आलं की प्रोग्रॅममध्ये ऑलदुवाई होतं, ते दाखवलं. परमिटची वेळ कुठल्या एंट्रीपासून धरली होती हे विचारलं तर समोरच्या व्यक्तीला प्रश्नच कळला नाही. तिथे कधीही न गेलेली माणसं नकाशावर रेघ ओढून दिवस विकतात याचा मला खरंच संताप आहे, आणि वयस्कर माणसाची संधी दरवर्षी येत नसते. असो.

२०२३ च्या जानेवारीअखेर मी आणि बहीण पुन्हा गेलो, यावेळी प्लॅन स्वतः बसवला. बाबा गुडघ्यांमुळे आले नाहीत. ऑलदुवाई परतीच्या दिवशी नाही, जायच्या दिवशी ठेवलं. सहाला लोडोआरे गेट उघडतं तेव्हा आम्ही डबा घेऊन तिथे हजर, क्रेटरच्या काठावर धुकं आणि चांगलीच थंडी (शाल हातातल्या बॅगेत ठेवा, डिकीत नको), आणि नऊच्या आत ऑलदुवाईला. इकडून गेलं की सेरेंगेटीचं घड्याळ सुरूच झालेलं नसतं, कारण तुम्ही अजून नाबीला पोचलेलाच नसता. चार तास मिळाले. खाली उतरलो, झिंजच्या जागेवर निवांत थांबलो, वर येऊन म्युझियम बघितलं.

पुढचा मुक्काम सेरेंगेटीच्या आत न घेता न्डुटूला घेतला, तीन रात्री. न्डुटूचा बराचसा भाग न्गोरोंगोरोच्याच हद्दीत येतो, त्यामुळे सेरेंगेटीचं परमिट रोज लागत नाही, आणि तुम्ही जाताय त्या फेब्रुवारीत विल्डबीस्ट या हरणासारख्या मोठ्या प्राण्यांचे कळप तिथेच विण्यासाठी जमलेले असतात. हे कळप मारा नदी ओलांडतानाचे, मगरींचे व्हिडिओ बघून जाणार असाल तर ते जुलै ते सप्टेंबरचं, उत्तरेकडचं, ते फेब्रुवारीत दिसणार नाही हे घरच्यांना आत्ताच सांगून ठेवा.

आणि आधी घळ, मग प्राणी, हा क्रम माझ्या मते फक्त वेळेसाठी नाही. झिंजच्या थरात दगडी हत्यारांबरोबर प्राण्यांची हाडं सापडली, त्यावर कापल्याचे आणि ठेचल्याचे व्रण आहेत, नळीची हाडं फोडून आतली अस्थिमज्जा काढलेली. वय सुमारे साडेसतरा लाख वर्षं. हे म्युझियममध्ये वाचलं होतं. दुसऱ्या दिवशी न्डुटूला सिंह खाऊन उठले, मग तरसं आली, गिधाडं आली, आणि शेवटी काय उरलं तर लांब नळ्या. तेव्हा बहीण म्हणाली, "हातात दगड असेल तर अजून जेवण शिल्लक आहे." त्या क्षणी मला ते व्रण कळले. उलट क्रमाने गेलो असतो तर शिकार नुसती शिकार म्हणून बघितली असती. हे माझं मत, कोणाला पटणार नाही, चालेल.

लाएटोलीबद्दल, म्हणजे आदिमानवाच्या पावलांचे ठसे मिळाले त्या जागेबद्दल, तुम्ही विचारलंय. १९७८ साली मिळालेली ती पावलं ३६ लाख वर्षांहून जुनी आहेत, पण जपणुकीसाठी १९९० च्या दशकात पुन्हा वाळू-मातीखाली झाकून टाकलीत. तेव्हा कोणी "मूळ पावलं दाखवतो" म्हणून वेगळे पैसे मागितले तर आधी नीट चौकशी करा. त्यांचा साचा ऑलदुवाईच्या म्युझियममध्ये आहे, तो मनापासून बघा. लाएटोलीला माणसांच्या ठशांच्या आधी, १९७६ मध्ये, प्राण्यांचे ठसे दिसले होते, संशोधक गंमत म्हणून एकमेकांवर हत्तीचं वाळलेलं शेण फेकत होते आणि अँड्र्यू हिल जमिनीवर पडले तेव्हा! ज्या ज्वालामुखीच्या राखेत हे ठसे उमटले तिच्यात गिनीफाऊलचे (कोंबडीसारखा पक्षी) ठसेसुद्धा आहेत. न्डुटूच्या तळ्याकाठी चिखलात गिनीफाऊल फिरताना दिसले की सासऱ्यांना नक्की दाखवा. झिंजची मूळ कवटी मात्र इथे नाही, ती दार-एस-सलामच्या राष्ट्रीय संग्रहालयाकडे आहे.

विमान अदिस अबाबामार्गे आहे म्हणताय, तर यलो फीवरच्या लसीचं सर्टिफिकेट लागतं का ते बघा. लस फक्त सरकारमान्य केंद्रात मिळते आणि सर्टिफिकेट लस घेतल्यावर १० दिवसांनी लागू होतं. मी डॉक्टर नाही, पण साठीच्या पुढच्या माणसाला ही लस देताना जास्त काळजी घेतात, म्हणून सासऱ्यांच्या डॉक्टरांशी आधी बोला. आणि चिवडा-लाडू प्लॅस्टिकच्या कॅरीबॅगमध्ये नेऊ नका, टांझानियात २०१९ पासून बंदी आहे, आमच्या पिशव्या विमानतळावर काढून घेतल्या. डबे न्या.

फीचे आकडे मुद्दाम देत नाही, सारखे बदलतात. कोटेशनमध्ये ऑलदुवाईची एंट्री वेगळी दाखवलीय का, आणि खाली घळीत उतरायची फी त्यात धरलीय का, एवढं लेखी घ्या. "ऑल इनक्लुझिव्ह" या शब्दावर आम्ही विसंबलो होतो.

सासऱ्यांच्या गुडघ्यांची काळजी नको, घळीत गाडीनेच उतरतात, पुढे थोडंसं चालणं. बाबांनाही जमलं असतं.

आज एवढंच करा, टूरवाल्याला विचारा की नाबी गेटची एंट्री किती वाजताची धरलीय आणि ऑलदुवाई जायच्या दिवशी घेता येईल का. काय उत्तर येतं ते इथे टाका, वेळा मी तपासून सांगते.