‘ग्रासहॉपर’ला मराठीत हाक कशी मारायची?

प्रश्न असा आला आहे: ‘कुंग फू’ या जुन्या अमेरिकी मालिकेतले आंधळे गुरू आपल्या शिष्याला ‘ग्रासहॉपर’ म्हणतात. मराठी उपशीर्षकात तिथे काय लिहावं? टोळ, नाकतोडा, की सरळ ‘बाळ’?

माझं मत नाकतोड्याला, आणि हाक मारताना ‘नाकतोड्या’. आता कारणं.

मालिका १९७२ ते १९७५ या काळात एबीसी वाहिनीवर होती. एकोणिसाव्या शतकातली गोष्ट. बाप अमेरिकी आणि आई चिनी असलेला क्वाय चांग केन शाओलिन मठात वाढतो. सम्राटाचा पुतण्या त्याच्या डोळ्यांसमोर गुरूंना, म्हणजे पो यांना, गोळी घालतो. केनच्या हातून तो पुतण्या मरतो आणि केनला देश सोडावा लागतो. मग सावत्र भावाच्या शोधात अमेरिकेच्या पश्चिम भागातली पायपीट. केनचं काम डेव्हिड कॅरडीनने केलं होतं, आणि पोंचं ‘की ल्यूक’ नावाच्या नटाने.

हे नाव पडतं कसं, ते पाहिलं की निम्मा प्रश्न सुटतो. पोरसवदा केनला आंधळ्या पोंची कीव येते. पो त्याला डोळे मिटायला सांगतात आणि विचारतात, काय ऐकू येतंय? पाणी, पाखरं, असं तो सांगतो. स्वतःच्या काळजाचे ठोके? नाही. मग पायाशी बसलेला नाकतोडा? पोरगा डोळे उघडून खाली बघतो, तर खरंच आहे! तेव्हापासून तो पोंचा ‘ग्रासहॉपर’. म्हणजे हे नाव पोराच्या लहानपणावरून आलेलं नाही, त्याला जे ऐकू आलं नाही त्यावरून आलं आहे. ‘बाळ’ किंवा ‘वत्सा’ लिहिलं तर माया उरते आणि प्रसंग जातो. शिवाय ‘वत्सा’ने थेट पौराणिक नाटकाचा पडदा वर जातो.

टोळ का नको? कोशात टोळ आणि नाकतोडा शेजारी दिसतात, आणि प्राणिशास्त्राच्या दृष्टीने टोळ हा नाकतोड्यांपैकीच. गर्दी झाली की रंग-स्वभाव बदलून थव्याने उडणारा. पण बोलीत टोळ एकटा येत नाही, धाड घेऊन येतो. २०२०च्या मे महिन्यात विदर्भात टोळधाड आली तेव्हा शेतकऱ्यांनी डबे बडवले ते काही कौतुकाने नव्हे. त्यात ‘टोळभैरव’ आहेच. गावोगाव भटकणाऱ्या केनला तो शब्द नको तितका चिकटेल.

एकाने ‘रातकिडा’ सुचवला आहे, आवाजाचा किडा म्हणून. सूचना हुशारीची आहे, पण रातकिड्याची किरकिर बहिऱ्यालाही झोपू देत नाही. ती ऐकली म्हणून पोंचं काय कौतुक? तो पंखावर पंख घासून रान डोक्यावर घेतो. नाकतोडा मागच्या पायाच्या आतले बारीक दाते पंखाच्या कडेवर घासतो, त्याची नुसती हलकी खरखर होते. आपण नाकतोडा बघतो, त्याच्यामागे पळतो, पण ‘नाकतोडा ऐकला’ असं कोणी म्हणत नाही. म्हणून तोच हवा. (त्याचे स्वतःचे कान पोटाच्या पहिल्या वलयावर असतात. पोंना हे आवडलं असतं.)

राहिला ‘नाकतोड्या’चा सूर. घोडा-घोड्या तसं हे रूप व्याकरणाला धरून आहे. चिडवल्यासारखं वाटतं हे खरं, पण गण्या, बंड्या, पक्या म्हणणारी आजोबा मंडळी चिडवतात की लाड करतात? दोन्ही. पोंच्या तोंडी तेच मिश्रण आहे.

उपशीर्षक करणाऱ्याने एक सांभाळावं. तळहातावरचा खडा उचलून घ्यायला लावणारे गुरू वेगळे; लोक दोघांची सरमिसळ करतात. त्यांचं नाव कान! ऐकायला शिकवतात ते पो, आणि कान मात्र हाताचं काम देतात. मराठी वाचक इथे अडखळणार, म्हणून ‘गुरू कान’ असं जोडूनच लिहावं.

आणि मूळ इंग्रजीत केनला ‘प्रीस्ट’ म्हणतात, त्याचं ‘पुरोहित’ करू नये. डोळ्यांसमोर सत्यनारायण येतो. ‘भिक्खू’ आपल्याकडे रुळलेला आहे आणि त्याच्या भटकंतीला ‘चारिका’ हा नेमका शब्दही बौद्ध परंपरेतला आहे.

मालिकेबाहेर, इंग्रजीत कोणी सहकाऱ्याला गमतीने ‘ग्रासहॉपर’ म्हटलं असेल, तर तिथे अर्थ फक्त नवशिका. त्या वाक्यात किडा आणायची गरज नाही, ‘जरा दमानं घे, नवा आहेस’ एवढं पुरतं.