वाचक विचारतात : गाडीतल्या घराला हीटर कुठला लावू?

गाडीचं घर केलेल्यांची पत्रं हल्ली बरीच येतात आणि थंडी तोंडावर आली की त्यातली निम्मी हीटरची असतात. यावेळी तीन घेतलीत. पहिल्याचं उत्तर लांबलंय, पण प्रश्नच तसा आहे.

प्रश्न : काका नमस्कार. आम्ही दोघं रिटायर, पुण्यात राहतो. जुनी ट्रॅव्हलर घेऊन आत दोन बेड, छोटा ओटा आणि टपावर सोलर असं करून घेतलंय. ऑक्टोबरमध्ये मनालीवरून स्पितीला जायचंय. दुकानदार म्हणतो आठ किलोवॉटचा डिझेल हीटर घ्या, पहाडात मोठाच लागतो. भाचा म्हणतो दोनचा पुरे. मिस्टर म्हणतात कशाला एवढा खर्च, घरचा ब्लोअर इन्व्हर्टरवर लावू नाहीतर गॅसची छोटी शेगडी नेऊ. कोणाचं ऐकू?

उत्तर : ताई, आधी मिस्टरांचं निकालात काढतो, त्यांनी राग मानू नये. दीड हजार वॉटचा ब्लोअर इन्व्हर्टरवर लावला की बारा व्होल्टच्या बॅटरीतून सव्वाशे-दीडशे अँपिअर ओढणार, म्हणजे शंभर एएचची (अँपिअर-तासांची) बॅटरी तासभरसुद्धा पुरायची नाही आणि टपावरचं सोलर रात्री झोपलेलं असतं. आणि गॅसची उघडी शेगडी बंद गाडीत लावून झोपणं हा विषयच नको. एक तर ती आतलाच ऑक्सिजन खाते, त्यातून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो ज्याला ना वास ना रंग, झोपेतला माणूस उठतच नाही, दर हिवाळ्यात अशा बातम्या आपण वाचतो. दुसरं म्हणजे एक किलो गॅस जळला की दीड किलोच्या वर पाण्याची वाफ होते, ती सगळी काचांवर आणि गाद्यांत. सकाळी अंथरूण पिळायला लागेल.

डिझेल हीटरची गंमत अशी की त्याची जळायची हवा गाडीखालून येते, धूर गाडीखालीच जातो, आणि तुमची आतली हवा फक्त गरम धातूच्या खोक्याभोवती फिरून परत येते. दोन्ही हवा एकमेकींना भेटत नाहीत. म्हणून तो चालू ठेवून झोपता येतं, अर्थात फिटिंग नीट असेल तर, त्यावर येतोच.

आता आठ किलोवॉट. स्वस्तातल्या हीटरवर आठचं स्टिकर असतं पण आतला खोका बहुतेकदा पाचवाल्याचाच असतो, त्यामुळे त्या आकड्यावर जाऊ नका. आणि समजा खरंच मोठा मिळाला तरी तुमच्या एवढ्याशा गाडीत तो दहा मिनिटांत घाम फोडणार, मग तुम्ही तो मंद करणार आणि रात्रभर मंदच चालवणार. डिझेल हीटरला हेच सोसत नाही. मंद आचेवर डिझेल पूर्ण जळत नाही, आत काजळी धरते, आणि महिन्याभरात हीटर खोकायला लागतो. लहान हीटर दमदार चालवणं कधीही बरं.

मग भाचा बरोबर का? सपाटीवर हो. पण स्पितीतलं मुख्य गाव काझा साडेतीन हजार मीटरच्या वर आहे आणि तुम्ही मनालीवरून जाणार म्हणजे वाटेत कुंझुम खिंड, साडेचार हजार. काझाच्या उंचीला हवेचा दाब समुद्रसपाटीच्या दोन-तृतीयांशाच्या आसपासच उरतो. हवा कमी आणि पंप मात्र डिझेल पहिल्याइतकंच ढकलतोय, मग काळा धूर, काजळी आणि तिसऱ्या रात्री हीटर बंद, तेही नेमका पहाटे चारला. म्हणून घेताना पहिला प्रश्न हा विचारा की उंचीसाठी काय सोय आहे. वेबास्टो आणि एबरस्पेशर या जर्मन कंपन्यांकडे त्यासाठी सेन्सर किंवा वेगळं किट मिळतं, काही मॉडेलमध्ये आधीच असतं. चिनी हीटरमध्ये काहींना ऑटो असतं, काहींना सेटिंगमध्ये जाऊन पंपाचे ठोके आपण कमी करायचे आणि पंख्याचा वेग थोडा वाढवायचा. दुकानदाराला हे सांगता येत नसेल तर दुसरं दुकान बघा.

पण डिझेल कमी केलं की ऊबही त्याच प्रमाणात कमी होणार, दोन किलोवॉटचे तिथे दीडच्या आतच उरतात. ऑक्टोबरमध्ये स्पितीत रात्री पारा शून्याच्या खाली जातो, पण गाडीला आतून इन्सुलेशन असेल आणि काचांना चमकत्या फोमचे पडदे लावले तर तेवढ्यावर भागतं. काचा उघड्या ठेवून हीटरला शिव्या घालणारे मी बघितलेत. जानेवारीत जायचं म्हणाला असतात तर चारचा घ्या म्हटलं असतं.

खर्चाचं म्हणाल तर एक लिटर डिझेलमध्ये साधारण दहा युनिट ऊर्जा असते. दोन किलोवॉटचा हीटर फुल चालला तर तासाला पाव लिटर, मध्येमध्ये कमी होतो म्हणून रात्रीचे दीड-दोन लिटर धरा. बॅटरीतून पेटताना आठ-दहा अँपिअर, दोन-तीन मिनिटं, नंतर एक-दोन अँपिअर. म्हणजे रात्रीचे वीसएक एएच. तुमची बॅटरी लिथियमची असेल तर एक लक्षात ठेवा, ती शून्याच्या खाली गार झालेली असताना चार्ज करायची नसते, ती गाडीच्या आत उबेत ठेवा.

आता फिटिंग. हे काम घाईत करायचं नाही. हीटर साधारण सीटखाली बसतो, खाली पत्र्याला भोक, त्यावर सपाट प्लेट आणि गॅस्केट. पत्रा खालीवर असेल तर गॅस्केट बसत नाही आणि धूर आत यायचा रस्ता तिथूनच होतो. धुराची नळी पूर्ण गाडीखाली, तिचा कुठलाही जोड गाडीच्या आत नको. तोंड पुढच्या दिशेला नको, खिडकीखाली नको, आणि हवा ओढणाऱ्या नळीपासून लांब. ती नळी हाताला चटका बसेल याच्या कितीतरी पलीकडे तापते, तेव्हा ब्रेकचे पाइप, वायरी आणि डिझेलची लाइन यांच्यापासून अंतर ठेवा, वर उष्णतेची पट्टी गुंडाळा. सगळ्यात खालच्या जागी बारीक भोक असू द्या, नाहीतर नळीत पाणी साचतं.

पंप आडवा झोपवून लावू नका, निघायचं तोंड वर ठेवून तिरपा लावा म्हणजे हवेचे बुडबुडे अडकत नाहीत, आणि रबरावर टांगा, नाहीतर रात्रभर टिकटिक ऐकून मिस्टर मला फोन करतील. डिझेल इंजिनच्या रिटर्न लाइनवरून (उरलेलं डिझेल टाकीत परत नेणाऱ्या नळीवरून) घेऊ नका, टाकीत वेगळी नळी सोडून घ्या आणि ती तळापर्यंत नको, म्हणजे हीटरने टाकी रिकामी केली तरी गाडी चालू करण्यापुरतं डिझेल उरतं. वायर जाड घ्या, थेट बॅटरीवरून, फ्यूजसकट. सिगरेट लायटरच्या सॉकेटवर हीटर लावून "पेटतच नाही" म्हणणारे दर सीझनला दोघं-तिघं भेटतात.

आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म. झोपायच्या उंचीला, दोन लावलेत तरी चालतील. मी स्वतः फिटिंग केलेल्या गाडीत केलाँगला रात्री अडीचला तो वाजला, खडबडीत रस्त्याने नळीचा क्लॅम्प ढिला झालेला, फिटर मीच होतो म्हणजे दुसऱ्याला बोलायची सोय नाही. तेव्हापासून दर दोन दिवसांनी खाली वाकून बघतो. पेट्रोल पंपावर शिरायच्या आधी हीटर बंद करा, आत ज्योत असते. बर्फ पडला तर नळीचं तोंड मोकळं आहे ना ते बघून झोपा. शेवटचं, गाडीत बदल केलाय तर मोटार वाहन कायद्याचं कलम 52 लागू होतं, आरटीओ आणि विमा कंपनीला आधीच विचारून ठेवा.

प्रश्न : दादा, आम्ही स्टुटगार्टजवळ राहतो. जुनी ड्युकाटो व्हॅन घेतली, तिच्यात गॅसचा हीटर आहे. तो ठेवू की डिझेलचा बसवू? हिवाळ्यात आल्गॉयच्या डोंगरात जातो.

उत्तर : चालू असेल तर ठेवा. गॅसचा हीटर शांत असतो आणि पहाडी उंचीची कटकट तिथे तेवढी नाही. तुमच्याकडे प्रोपेन मिळतो, तो उणे चाळीसपर्यंत वाफ होतो, ब्युटेन मात्र शून्यालाच आळसावतो, एवढं सिलिंडर घेताना बघा. पण हिशोब करा, अकरा किलोचा सिलिंडर सलग दोन किलोवॉटवर तीन दिवसांच्या आत संपतो. दोन दिवसांच्या ट्रिपला ठीक, आठवडाभर राहणार असाल तर सिलिंडर बदलत फिरावं लागेल, मग डिझेल सोयीचं. गॅसची दर दोन वर्षांची तपासणी झालीये का ते आधी पिवळ्या पुस्तिकेत बघा, जुन्या गाडीत बरेचदा राहिलेली असते. डिझेलचा घेतलात तर त्यावर ई-मार्क, म्हणजे युरोपातल्या मंजुरीची खूण हवी, नाहीतर टीयूव्हीला, म्हणजे गाडीच्या तपासणीला अडकाल. आणि तुम्ही तर वेबास्टो, एबरस्पेशर आणि ट्रुमा या तिन्ही हीटर कंपन्यांच्या अंगणात राहता, हौशी फिटरकडे कशाला जाता.

प्रश्न : हीटर पेटताना पांढरा धूर येतो आणि बंद पडतो. नवीन घेऊ का? (नाशिक)

उत्तर : एवढ्यात नको. पांढरा धूर म्हणजे डिझेल येतंय पण पेटत नाहीये. आधी पेटताना बॅटरीचं व्होल्टेज मीटर लावून बघा, मग लाइनमध्ये हवा आहे का ते बघा. दोन्ही ठीक असेल तर ग्लो प्लग (डिझेल पेटवणारी तापती कांडी) काढा, त्याच्या भोवतीची बारीक जाळी काजळीने बुजलेली सापडेल, ती बदला, फार महाग नसते. नंतर आठवड्यातून एकदा वीस मिनिटं हीटर फुल चालवत जा. बंद करताना बटणानेच करा, पंखा आपोआप थांबेपर्यंत बॅटरीचा स्विच पाडू नका, गरम खोका गार व्हायच्या आत पंखा थांबला तर आतले प्लास्टिकचे भाग आणि सेन्सर जातात. आणि लडाख-लाहौलहून परत आला असाल तर एक शक्यता अजून आहे. सपाटीवर भरलेलं डिझेल तिथल्या थंडीत मेण धरतं आणि पंपाची जाळी तुंबवते. लडाखसाठी इंडियन ऑइलने 2019 पासून उणे 33 अंशांपर्यंत न गोठणारं हिवाळी डिझेल आणलंय, पुढच्या वेळी वर पोचल्यावर टाकी त्याने भरा, नाशिकचं डिझेल वर पोचेपर्यंत संपवा.