डिसेंबरमध्ये आई-बाबांना घेऊन आसामला जायचं आहे. काझीरंगा आणि चहाचे मळे सोडून आणखी काय बघण्यासारखं आहे?

जमत असेल तर डिसेंबर सोडा आणि मार्चअखेर ते एप्रिलचा मध्य हे दिवस धरा. चहाचे मळे तुमच्या यादीत आहेत म्हणून हे आधी सांगते. थंडीत तिथे झुडपांची छाटणी चालते, पानं खुडणं थांबतं, कारखान्यांची धुराडी थंड असतात. हिरवेगार गालिचे बघायला गेलेल्या माणसाला नुसती खरड छाटलेली खोडं दिसतात. मार्चमध्ये पावसाच्या सरी आल्या की पालवी फुटते आणि खुडणी सुरू होते. काझीरंगा साधारण एप्रिलअखेरपर्यंत उघडं असतं. तिथलं उंच गवत तोवर जाळलेलं असल्यामुळे गेंडे लांबूनही दिसतात. शिवाय एप्रिलच्या मध्यावर रोंगाली बिहू, म्हणजे आसामी नववर्षाचा सण येतो. वळवाचे पाऊस मात्र झोडपतात, छत्र्या घ्या.

दुसरं म्हणजे मुक्काम गुवाहाटीला नको, जोरहाटला करा. नोकरीमुळे मी तिथे राहिले आहे आणि त्या गावावर माझा जीव आहे, हे खरं. पण कारण तेवढंच नाही. चहा, जंगल आणि पूर्वी आसामवर राज्य करणाऱ्या आहोम राजांचा इतिहास हे तिन्ही तिथे एकमेकांना खेटून आहेत आणि एकाशिवाय दुसरं नीट कळत नाही.

मळ्यात फोटो काढून लगेच परत फिरू नका. वरच्या, म्हणजे पूर्वेकडच्या आसामात सिंगफो लोक इंग्रजांच्या आधीपासून चहा पीत होते. रॉबर्ट ब्रूस या स्कॉटिश व्यापाऱ्याला 1823 मध्ये ही झुडपं तिथे आढळली. पुढे मणिराम देवान यांनी जोरहाटजवळ सिनामारा इथे स्वतःचा मळा उभा केला. व्यापारी पातळीवर चहा लावणाऱ्या पहिल्या भारतीयांपैकी ते एक. 1857 च्या उठावात सामील झाल्याबद्दल इंग्रजांनी त्यांना 1858 मध्ये जोरहाटलाच फाशी दिलं. 1911 पासून चहावर संशोधन करणारी टोकलाईची संस्थाही याच गावात आहे.

पण पानं कोण खुडतं? इंग्रजांनी छोटा नागपूर, ओडिशा, आंध्र अशा भागांतून कंत्राटावर आणलेल्या आदिवासींची आणि इतर गरीब कुटुंबांची ही पुढची पिढी. मळ्यात सादरी बोली कानावर पडते, करम पूजेला मांदळाच्या तालावर झुमुर नाच रंगतो. कित्येक मळ्यांचं घड्याळ आपल्या घड्याळाच्या एक तास पुढे असतं. त्याला ‘बागान टाइम’ म्हणतात. सूर्य तिकडे इतका लवकर उगवतो की ही सोय योग्यच वाटते. कामावरच्या बायका बिनदुधाचा, मीठ घातलेला चहा पितात. घामातून गेलेलं मीठ भरून निघावं म्हणून ही सवय लागली, पण या वस्त्यांमधल्या वाढत्या रक्तदाबाशी डॉक्टर तिचा संबंध जोडतात. आपल्या कपातला कडक आसाम या हातांमधून येतो. मळ्यात शिरण्याआधी परवानगी घ्या. मजुरांच्या वस्तीला ‘लाइन’ म्हणतात. ती त्यांची घरं आहेत, तिथे कॅमेरा बाहेर काढू नका.

आता माझी सगळ्यात आवडती जागा. जोरहाटपासून तासाभराच्या आत होलोंगापार गिबन अभयारण्य आहे. भारतात माणूस सोडला तर कपी, म्हणजे बिनशेपटीचा वानर, एकच, हुलॉक गिबन, आणि त्याला बघायला याच्याइतकी चांगली जागा मला माहीत नाही. नर काळा, मादी बदामी, दोघांच्या भुवया पांढऱ्या. सकाळी जोडी गायला लागली की अख्खं जंगल दणाणतं. पहाटेच जा, उन्हं चढल्यावर ते शांत होतात. जंगल जेमतेम 21 चौरस किलोमीटरचं, तरी त्यात माकडवर्गातल्या सात जाती आहेत. रात्री फिरणारा लाजवंती (स्लो लोरिस) हा प्राणीही त्यातच आला. अडचण अशी की गिबन जमिनीवर उतरायला फार नाखूश असतो, फांद्यांवरूनच हिंडतो. या जंगलाला मात्र चहुबाजूंनी मळ्यांनी वेढलंय आणि मधून रेल्वे गेली आहे. चहाची झुडपं कमरेएवढी, त्यांवरून तो पलीकडच्या रानात जाणार कसा? जिथे आहे तिथेच तो अडकून पडला आहे. हत्ती मळ्यांतून वाट काढतात, बिबटे झुडपांच्या आडोशाला राहतात, गिबनला ते जमत नाही. मळा दिसायला हिरवा असला तरी जंगलाची जागा तो घेऊ शकत नाही, हे मला तिथे उभं राहिल्यावर पटलं.

याच परिसरात आहोम सेनापती लाचित बोरफुकन यांची समाधी आहे. 1671 च्या सराईघाटच्या लढाईत त्यांनी मोगलांना रोखलं. खडकवासल्याच्या एनडीएमध्ये सर्वोत्तम कॅडेटला त्यांच्याच नावाचं सुवर्णपदक देतात. समाधीजवळचा चौथऱ्यासह 125 फुटी पुतळा आपल्या धुळे जिल्ह्यातल्या राम सुतारांनी घडवला. 2024 मध्ये त्याचं अनावरण झालं. तुमच्या बाबांना हे नक्की आवडेल.

एक अख्खा दिवस शिवसागरला द्या. आहोम राजे ज्यातून खेळ बघत तो दुमजली रंगघर, तलातल घर हा राजवाडा आणि बोरपुखुरी तलावाकाठचं शिवडोल मंदिर अशा तिन्ही वास्तू अठराव्या शतकातल्या. तिथून पुढे चराईदेवला आहोम राजांच्या मातीच्या टेकड्यांसारख्या समाध्या आहेत. त्यांना मोइदाम म्हणतात. 2024 मध्ये त्या जागतिक वारसा यादीत आल्या. तिथे पायऱ्या आणि चालणं आहे, आईंचे गुडघे दुखत असतील तर तलातल घराच्या वरच्या मजल्यावर जाण्याचा हट्ट करू नका.

काझीरंग्याबद्दल तुम्ही भरपूर वाचलं असेलच. मी एवढंच म्हणेन की जंगलाच्या कोहोरा आणि बागोरी या भागांबरोबर पूर्वेकडचं अगोरातोलीही करा, पाणपक्ष्यांसाठी ते छान आहे. जोरहाटहून रस्त्याने दोन-अडीच तास लागतात.

ब्रह्मपुत्रेतल्या माजुली बेटावर जोरहाटजवळच्या निमाती घाटावरून बोटीने जावं लागतं. परतीची शेवटची बोट दुपारीच सुटते आणि उशीर झाला तर ती थांबत नाही, म्हणून तिथे एक रात्र राहाच. तिथल्या वैष्णव मठांना सत्र म्हणतात. सामागुरी सत्रात बांबू, कापड आणि मातीचे मुखवटे बनवताना कारागीर निवांत बोलतात, औनीआटी सत्रात जुन्या वस्तूंचं संग्रहालय आहे. खोल्या साध्या असतात, पण जेवण उत्तम. बिहूच्या आठवड्यात जाणार असाल तर राहण्याची सोय आधीच करून ठेवा.