वाऱ्याचा प्रश्न आणि मनगटाचा प्रश्न

प्रश्न : मी निपाणीस राहतो आणि आठवड्यातून चार दिवस बेळगावच्या उद्यमबागेतील कारखान्यात दुचाकीने कामाला जातो. जाऊन-येऊन सुमारे दीडशे किलोमीटरांचा हा प्रवास बहुतेक महामार्गानेच होतो. एखाद्या रविवारी मित्रांबरोबर आंबोली किंवा चोर्ला घाटाची फेरी असते. जुनी शंभर सीसीची गाडी काढून अडीचशे सीसीची घ्यावयाची आहे. काकांचे म्हणणे असे, की फेअरिंगची, म्हणजे पुढून आणि बाजूंनी प्लास्टिकचे आवरण असलेली गाडी घे, वारा लागत नाही आणि पेट्रोलही वाचते. मित्र म्हणतात, तसल्या गाडीने वर्षभरात पाठ आणि मनगटे कामातून जातील, नेकेडच, म्हणजे आवरण नसलेलीच घे. कोणाचे ऐकावे?
— एक वाचक, निपाणी

उत्तर : आपले काका आवरणाविषयी बोलत आहेत आणि आपले मित्र बैठकीविषयी, म्हणजे गाडीवर बसण्याच्या ढबीविषयी. या दोन गोष्टी शोरूममध्ये बहुधा एकत्रच मिळत असल्यामुळे त्या एकच आहेत असा समज झाला आहे, आणि गाडी निवडताना होणाऱ्या बहुतेक चुका याच समजातून होतात. आवरण, म्हणजे ज्याला आपल्याकडील गॅरेजांत सरसकट ‘फायबर’ म्हटले जाते (वास्तविक ते साधे एबीएस प्लास्टिक असते), त्याचा संबंध वाऱ्याशी आहे. मनगटे दुखतात ती हँडल खाली आणि पावदाने मागे असल्यामुळे. त्याचा प्लास्टिकशी काही संबंध नाही.

प्रथम वारा पाहू. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि तो सारण्यासाठी लागणारी इंजिनाची शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. ताशी ४० किलोमीटरांवरून ८० वर गेलात, की छातीवरचा रेटा चौपट होतो आणि केवळ हवेसाठी लागणारी शक्ती आठपट होते. म्हणूनच चाळीस-पन्नासच्या वेगाने गावात फिरणाऱ्याला आवरणाचा फायदा जवळजवळ शून्य असतो आणि पेट्रोल वाचण्याचा प्रश्नच येत नाही. ऐंशीच्या आसपास मात्र चित्र बदलू लागते. चौपदरी महामार्गावर दुचाकीला केंद्र सरकारने २०१८ मध्ये ठरवून दिलेली कमाल मर्यादाही ताशी ८० किलोमीटरच आहे. म्हणजे कायदा पाळणाऱ्या माणसाला आवरणाचा उपयोग जेमतेम जिथे सुरू होतो, तिथेच त्याची मर्यादा संपते. आपल्या काकांचे म्हणणे खरे आहे, परंतु ते जेवढे सांगतात तेवढे मोठे नाही. पेट्रोलची बचत झाली तरी ती एकाच वेगाने, लांब पल्ल्यावर आणि अंग थोडे झुकवून बसल्यावर होईल.

बचतीपेक्षा मला थकव्याचा मुद्दा महत्त्वाचा वाटतो. नेकेड गाडीवर ताठ बसलेला माणूस ऐंशीच्या वेगाला शिडासारखा वारा अडवतो, त्यामुळे त्याला हँडल धरून नव्हे तर हँडलला लोंबकळून बसावे लागते. तासाभरात मान आणि दंड भरून येतात. पुढे झुकलेल्या बैठकीत हाच वारा छातीखाली आधारासारखा येतो आणि मनगटांवरचा भार हलका करतो. झुकलेल्या बैठकीची तीच गाडी बेळगावात कित्तूर चन्नम्मा चौकातून गोगटे सर्कलकडे गर्दीतून नेताना तो आधार नसतो, शरीराचे सगळे वजन तळहातांवर येते आणि क्लच दाबता दाबता डावे मनगट बोलू लागते. म्हणजे आपल्या मित्रांचा अनुभव शहराच्या रस्त्यावरचा आहे, आणि आपला रस्ता बहुतांशी शहराचा नाही.

तथापि हा महामार्ग कागदावर दिसतो तसा सरळही नाही. तवंदी घाट, संकेश्वर, हत्तरगी, काकती या टप्प्यांत सहापदरीकरणाची कामे चालू असली, की सेवा रस्त्यावर उतरावे लागते; उसाच्या हंगामात दोन-दोन ट्रेलर ओढणारे ट्रॅक्टर संध्याकाळी मागच्या दिव्याशिवाय चाललेले असतात. अशा वेळी ताठ बसणाऱ्याला पुढच्या वाहनापलीकडचे लवकर दिसते आणि रुंद हँडलामुळे गाडी चटकन वळवता येते. आडव्या वाऱ्याचाही विचार करावा. पूर्ण आवरणाची गाडी बाजूने मोठा पृष्ठभाग दाखवते, त्यामुळे आषाढातल्या वाऱ्यात किंवा कंटेनरच्या आडोशातून एकदम मोकळ्यावर आल्यावर ती नेकेडपेक्षा अधिक ढकलली जाते. पूर्वी शर्यतीच्या गाड्यांना पुढचे चाकही झाकणारे पिंपासारखे आवरण बसवीत असत. आडव्या वाऱ्यात त्या गाड्या अस्थिर होत म्हणून आंतरराष्ट्रीय मोटारसायकल महासंघाने १९५७ च्या हंगामानंतर अशा आवरणांवर बंदी घातली. आजची आवरणे तेवढी भयंकर नाहीत, तरी वाऱ्याचा स्वभाव तोच आहे.

घाटासाठी नेकेडच्या बाजूने एक मुद्दा सहसा कोणी सांगत नाही. नेकेड गाडीचा दिवा हँडलाबरोबर वळतो. पूर्ण आवरणाच्या बहुतेक गाड्यांत तो आवरणात, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला, घट्ट बांधलेला असतो. वेगात गाडी झुकवून घेतलेल्या वळणावर हँडल फारसे वळतच नसल्यामुळे हा फरक जाणवत नाही. परंतु चोर्ल्याच्या एखाद्या अरुंद वळणावर रात्री धुक्यात पंधराच्या वेगाने वळताना दिवा समोरच्या दरीवर पडतो आणि रस्ता अंधारात राहतो, हे मी स्वतः अनुभवले आहे. शिवाय खाली बसवलेले हँडल आवरणाला लागू नये म्हणून त्याचे वळणे मर्यादित ठेवलेले असते. बेळगावातल्या शहापूर-वडगावच्या बोळांत गाडी एका दमात फिरवता येत नाही, पाय टेकून मागे-पुढे करावी लागते.

आता पडझडीचा खर्च. जांबोटीच्या पुढे ओल्या तांबड्या मातीवर माझी आवरणाची गाडी उभ्या-उभ्या आडवी झाली. मला खरचटलेही नाही. गाडीचे मात्र उजवे पॅनेल तडकले आणि त्याच्या आतल्या बाजूचे, पॅनेल अडकवण्याचे दोन कान तुटले. पॅनेल नव्याने मागवले तर आठवडे लागतात आणि चिकटवले तर ते पुढे कायम खडखडत राहते. हा खडखडाट इंजिनाचाच आहे असे समजून एका गॅरेजने माझ्याकडून टायमिंग चेन बदलण्याचे पैसेही घेतले. नेकेड अशी पडली, तर बहुधा लिव्हर, आरसा किंवा पावदान वाकते आणि निपाणीतला कोणताही मेस्त्री ते त्याच संध्याकाळी बदलून देतो.

एवढे सगळे सांगूनही आपल्याला मी आवरणाचीच गाडी सुचवीन, परंतु हँडल उंच असलेली. आठवड्याला सहाशे किलोमीटर महामार्गावर जात असतील, तर महिन्यातून दोनदा होणाऱ्या घाटाच्या फेरीसाठी रोजची मान दुखवून घेण्यात अर्थ नाही. एकाच इंजिनाच्या दोन्ही रूपांत गाड्या मिळतात, त्यांची तुलना करावी. सुझुकी जिक्सर २५० (नेकेड) आणि जिक्सर एसएफ २५० (आवरणाची) यांचे इंजिन एकच आहे, वजनात जेमतेम पाच किलोंचा फरक आहे, आणि एसएफचे हँडल शर्यतीच्या गाडीइतके खाली नाही. बजाजने २०२१ मध्ये पल्सर एन २५० या नेकेडबरोबर आणलेली एफ २५० ही अर्ध्या आवरणाची गाडीही याच जातीची. यामाहाची आर१५ (आवरणाची) आणि एमटी-१५ (नेकेड) यांचेही इंजिन मुळात एकच आहे, परंतु आर१५ ची बैठक फार झुकलेली आहे; रोजच्या दीडशे किलोमीटरांना ती मी घेणार नाही, आणि तिच्या मागच्या उंच सीटवर घरच्यांना बसवण्याचे धाडस तर मुळीच करणार नाही.

विकत घेण्यापूर्वी शोरूमभोवतीची चक्कर पुरेशी समजू नये. विनंती करून ऐंशीच्या वेगाने निदान वीस मिनिटे महामार्गावर चालवावी आणि वारा हेल्मेटच्या नेमक्या कोणत्या भागावर येतो ते पाहावे. गाडीची पुढची काच आखूड असेल आणि तिच्या कडेवरून फुटलेला वारा हेल्मेटच्या वरच्या भागावर थडथडत असेल, तर ती गाडी काच नसलेल्या गाडीपेक्षा अधिक थकवते. हे उंचीनुसार बदलते, म्हणून मित्राच्या अभिप्रायावर विसंबता येत नाही.

प्रश्न : माझ्याकडे हवेवर थंड होणारी दीडशे सीसीची नेकेड गाडी आहे. तिला बाहेरून पूर्ण फेअरिंगचे किट बसवून मिळते. बसवावे काय?
— एक वाचक, खानापूर

उत्तर : बसवू नये. आपल्या इंजिनाच्या पात्यांवरून वारा जाणे हीच त्याची थंड होण्याची रीत आहे, आणि वारा कोठून आत यावा व कोठून बाहेर जावा याचा हिशेब न करता केलेले किट ती वाट बुजवते. त्याचे वजन पुढच्या फोर्कवर टांगले गेले, तर हँडल जड होते ते वेगळेच. खानापूर भागातली तांबडी माती आवरणाच्या आत बसली की दिसत नाही आणि बोल्ट गंजतात. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीतील वैशिष्ट्यांशी विसंगत बदल करता येत नाहीत, हेही लक्षात ठेवावे. छातीवरचा वारा कमी करावयाचा असेल, तर मीटरवर लावावयाची छोटी काच पुरते.

प्रश्न : मी चिकोडीत फेअरिंगची, पाण्यावर थंड होणारी गाडी चालवते. उन्हाळ्यात सिग्नलला थांबले, की पंखा सुरू होऊन गुडघ्यांना झळ लागते. हा दोष आहे काय?
— एक वाचक, चिकोडी

उत्तर : दोष नाही. रेडिएटरमधून निघालेली गरम हवा आवरणाच्या बाजूच्या फटींतून बाहेर टाकलेली असते आणि गाडी उभी असताना ती पायांवरच येते. नेकेडमध्ये ती चहूकडे पांगते. जाड जीन्स वापरावी. कूलंटची, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाची, पातळी मात्र गाडी पूर्ण गार असताना महिन्यातून एकदा पाहावी, कारण आवरणामुळे त्या द्रवाच्या टाकीचे खालचे चिन्ह दिसत नाही आणि ते विजेरीने वाकून पाहावे लागते.