पडायचंच नसेल, तर झेल कसला?

गेल्या अंकात मी सहज लिहून गेले की दहा मीटरच्या फळीवरून सूर मारणारा खेळाडू पाण्याला टेकेपर्यंतचे सुमारे १.४ सेकंद वजनरहित असतो. त्या एका वाक्यावर एवढी पत्रं येतील असं वाटलं नव्हतं. बहुतेकांचा रोख एकच: उद्या साधे प्रवासीही अंतराळात जाऊ लागले, तर तिथे खेळणार काय? मी स्वतः अंतराळात गेलेले नाही. पण बावीस वर्षं मुलांना सूर मारायला शिकवते आहे, म्हणजे हवेत सुटलेल्या माणसाचे हाल रोज बघते आहे. उत्तरं त्या बळावर देते.

बाई, दीड सेकंदाच्या उडीची अंतराळाशी बरोबरी कशी होईल? तिथे गुरुत्वाकर्षण नसतं म्हणून माणसं तरंगतात ना?

नाही. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक जमिनीपासून साधारण ४०० किलोमीटरवर आहे आणि तिथे पृथ्वीची ओढ इथल्या सुमारे ९० टक्के शिल्लक असते. स्थानक पडतच असतं. फक्त ते ताशी सुमारे २८,००० किलोमीटर वेगाने आडवंही धावतं, त्यामुळे जितकं खाली येतं तितकीच पृथ्वीची गोलाई त्याच्याखालून वळून जाते. स्थानक, आतली माणसं, त्यांचा चेंडू, सगळे एकाच चालीने पडताहेत. माझ्या मुलांच्या उडीला खाली पाणी आहे, त्यांच्या उडीला नाही, एवढाच फरक. विमानातला वजनरहित अनुभवही याच जातीचा. विमान कमानीसारख्या वाटेने जातं, त्या कमानीवर वीस-पंचवीस सेकंद वजन नाहीसं होतं आणि त्याची वसुली आधी आणि नंतर अंग जवळजवळ दुप्पट जड होऊन होते.

समजा, स्थानकाच्या मधोमध, कुठेही हात पोचणार नाही असा अडकलो. हवेत पोहत भिंतीपर्यंत जाता येईल का?

येईल, पण जेवायची वेळ टळून जाईल. पोहताना आपण पाणी मागे ढकलतो म्हणून पुढे जातो. हवा पाण्याच्या जवळपास आठशेपट विरळ. तिच्यात हात मारणं म्हणजे निव्वळ घाम गाळणं. त्यापेक्षा पायातला बूट काढा आणि भिंतीच्या उलट दिशेला भिरकावा. हिशोब करून बघू: तुमचं वजन ६० किलो, बूट ३०० ग्रॅमचा, फेकलात सेकंदाला पाच मीटर वेगाने, तर तुम्हाला मिळतो सेकंदाला अडीच सेंटिमीटर. भिंत दोन मीटरवर असेल तर ८० सेकंदांत पोचाल. बूट खांद्यावरून फेकलात तर जाता जाता गरगरालही, कारण तो धक्का शरीराच्या मध्यातून गेलेला नसतो.

या गरगरण्यावर जरा थांबते, कारण सगळ्या खेळाचं मूळ तिथे आहे. मी सोळा वर्षांची असताना तीन मीटरच्या फळीवरून दीड कोलांटीचा सूर मारायला गेले. फळी सोडताना पाय किंचित लवकर सुटले आणि फिरकी कमी मिळाली. हवेत असतानाच ते कळलं. गुडघे छातीशी घट्ट ओढले तेवढा वेग वाढला, पण जेवढं फिरायचं होतं तेवढं काही फिरता आलं नाही. पोट आणि मांड्या पाण्यावर सपाट आपटल्या, आठवडाभर लाल होत्या. फिरण्याचा जोर पायांचा फळीशी जो शेवटचा स्पर्श होतो त्यातच मिळतो. एकदा पाय सुटले की तो वाढवताही येत नाही आणि टाकूनही देता येत नाही. अंग आवरलं तर वेगाने फिराल, पसरलं तर सावकाश फिराल, बस.

मात्र तोंड फिरवता येतं. मांजर पाठीवर सोडली तरी पायांवर उतरते, ती हीच युक्ती. घरी फिरत्या खुर्चीवर बसा, पाय उचला, दोन्ही हात लांब करून उजवीकडे न्या आणि तसेच पसरलेले ठेवून जोरात डावीकडे फिरवा. खुर्ची उजवीकडे वळेल. आता हात छातीशी आणून उजवीकडे परत न्या आणि पुन्हा पसरून फिरवा. पाच-सहा वेळा केलंत की पाठ होती तिकडे तोंड होईल. माझ्या वर्गातली मुलं यात तासन्‌तास रमतात. हवेतही असंच भिंतीकडे तोंड करता येतं, भिंतीपर्यंत जाता येत नाही.

खऱ्या स्थानकात मात्र पंख्यांनी हवा सतत खेळती ठेवलेली असते, आणि हातातून सुटलेल्या वस्तू बऱ्याचदा हवा ओढणाऱ्या जाळीवर सापडतात. तुम्हीही कधीतरी हरवलेल्या पेनासारखे तिथे जाऊन लागाल.

क्रिकेट, बॅडमिंटन, बेसबॉल यांतलं काय जमेल?

बॅडमिंटन तर झालंय. फेब्रुवारी २०१८ मध्ये स्थानकावरच्या रशियन, अमेरिकी आणि जपानी अंतराळवीरांनी दुहेरीचा डाव मांडला. शटल हवेच्या विरोधाने इथल्यासारखंच झटकन मंदावतं, पण खाली येत नाही. म्हणजे उंच उडवून प्रतिस्पर्ध्याला मागे पळवायचं, हे बॅडमिंटनचं अर्धं राजकारणच संपलं. बेसबॉलची गंमत जपानच्या सातोशी फुरुकावा यांनी २०११ मध्ये दाखवली: चेंडू स्वतःच टाकायचा, तरंगत त्याच्या पुढे जाऊन स्वतःच टोलवायचा आणि स्वतःच अडवायचा. सहकारी नसले तरी अडत नाही.

क्रिकेटमध्ये चेंडू स्विंग होईल, कारण ते काम हवेचं आहे. टप्पाही पडेल, फक्त चेंडू खेळपट्टीच्या दिशेने ढकलावा लागेल. बुमरँगचंही तसंच आहे. ताकाओ दोई यांनी २००८ मध्ये स्थानकात कागदी बुमरँग फेकलं, ते इथल्यासारखंच परत आलं. अडचण चेंडूची नाहीच, माणसाची आहे. १६० ग्रॅमचा चेंडू सेकंदाला ३० मीटर वेगाने आला आणि ६० किलोच्या माणसाने झेलला, तर तो माणूस सेकंदाला आठ सेंटिमीटर वेगाने मागे निघतो आणि निघतच राहतो. बॅट फिरवणारा उलट दिशेने फिरतो. पाय कशात तरी अडकवल्याशिवाय फटक्यात दम येत नाही. नोव्हेंबर २००६ मध्ये मिखाईल ट्युरिन यांनी स्थानकाबाहेर गोल्फचा चेंडू टोलवला, तेव्हा त्यांचे पाय सहकाऱ्याने धरून ठेवले होते. आणि चेंडू होता जेमतेम तीन ग्रॅमचा.

झेलाबद्दल आणखी एक. १९९८ च्या न्यूरोलॅब या मेंदूचा अभ्यास करणाऱ्या अंतराळ मोहिमेत अंतराळवीरांकडे वरच्या बाजूने चेंडू सोडून बघितला. चेंडू एकाच वेगाने येत होता, पण हात वेळेआधीच तयार व्हायचे. मेंदू हट्टाने धरून बसला होता की वरून येणारी वस्तू वेग घेत येणारच. नवख्या प्रवाशांचे झेल सुटले तर त्यांना हसू नका.

वय झालं, उड्या मारणं आता होणार नाही. बुद्धिबळ आणि पत्ते चालतील का?

आजोबा, बुद्धिबळाचा मान तर फार जुना आहे. जून १९७० मध्ये सोयुझ ९ या सोव्हिएत यानातल्या निकोलायेव आणि सेवास्त्यानोव यांनी जमिनीवरच्या सहकाऱ्यांशी डाव खेळला. सोंगट्या पटाच्या खाचांत बसवलेल्या होत्या. डाव बरोबरीत सुटला. पुढे २००८ मध्ये ग्रेग शॅमिटॉफ यांनी वेल्क्रो लावलेल्या सोंगट्यांनी जमिनीवरच्या लोकांशी डाव मांडले. पत्त्यांचं मात्र कठीण आहे. पानं वाटली तर ती टेबलावर राहत नाहीत आणि झाकून ठेवलेलं पान आपसूक उलटून सगळ्यांना दिसतं.

आठ दिवसांच्या सहलीला गेले तर तिथेही व्यायाम करावा लागेल का? इथेच कंटाळा येतो!

आठ दिवसांत काही बिघडत नाही. सहा महिने राहणाऱ्यांना मात्र रोज दोन तास चुकत नाहीत, कारण व्यायाम नसेल तर वजन पेलणारी हाडं महिन्याला एक ते दीड टक्का झिजतात. धावपट्टीवर त्यांना पट्ट्यांनी खाली खेचून ठेवतात, नाहीतर पहिल्याच पावलाला छत. सुनीता विल्यम्स यांनी १६ एप्रिल २००७ ला अशाच पट्ट्यांत जखडून बॉस्टन मॅरेथॉनचं पूर्ण अंतर स्थानकावर धावून काढलं, सुमारे ४ तास २४ मिनिटांत. घाम गळत नाही, अंगाला चिकटून तिथेच साठत जातो. हे वाचून मला मॅरेथॉनपेक्षा त्या टॉवेलचीच कीव आली.

तुम्हाला काळजी घ्यायची ती वेगळ्याच गोष्टीची. निम्म्याहून अधिक लोकांना पहिले दोन-तीन दिवस मळमळतं. वर-खाली सांगणारा कानातला भाग गोंधळलेला असतो. त्या दिवसांत कोलांट्या नकोत, मान हळू वळवा, खिडकीत बसून पृथ्वी बघा. दिवसातून सोळा वेळा सूर्य उगवतो, करमणुकीला तेवढं पुष्कळ आहे. आणि मोजे जाड न्या. तिथे पाय दांड्यांखाली अडकवून उभं राहतात, त्यामुळे जास्त दिवस राहणाऱ्यांच्या तळव्यांचे घट्टे गळून पडतात आणि पावलाच्या वरच्या बाजूला नवे येतात.

आम्ही नववीतल्या मैत्रिणी वजनरहित जागेसाठी नवा खेळ तयार करतोय. नियम ठरवताना काय बघू?

आधी झालेलं बघा. ऑगस्ट २०२१ मध्ये स्थानकावरच्या लोकांनी आपसांत ऑलिम्पिक भरवलं. कोण कोणत्या यानातून आलं त्यावरून दोन संघ. त्यातला एक खेळ मला फार पटला: चेंडूला हात लावायचा नाही, नुसत्या फुंकरीने तो समोरच्या संघाच्या दारात घालायचा. जमिनीवर हा पोरखेळ वाटेल, तिथे पुरतो. जमिनीवरचे खेळ उचलून तिकडे नेले की ते लंगडतात, हा खेळ तिथलाच आहे.

जागा हा पहिला प्रश्न. आजच्या स्थानकातल्या खोल्या आतून दोन मीटरांच्या आसपास रुंद, आणि भिंती उपकरणांनी भरलेल्या. १९७३ चं स्कायलॅब हे अमेरिकी स्थानक मात्र साडेसहा मीटरांहून रुंद होतं. त्यातले लोक कपाटांच्या गोल कड्यावर धावत फेऱ्या मारायचे, पाय बाहेरच्या बाजूला आणि डोकी मध्याकडे. तुमचा खेळ तेवढ्या दालनात मांडा. एकमेकींवर धावून जाण्याचा खेळ मात्र नको. वजन गेलं तरी पन्नास किलोचं अंग पन्नास किलोचंच असतं, आणि डोकं दाराच्या कडेवर आपटलं तर तितकंच लागतं.

माझं विचाराल तर मी सूरच मांडीन. भिंतीवर पाय रोवून सुटायचं, मधे एक कोलांटी, आणि समोरच्या भिंतीवरच्या वर्तुळात दोन्ही पायांनी उतरायचं. हात लावायचा नाही, उसळी घेऊन परत निघायचं नाही. सहा मीटर अंतर सेकंदाला एक मीटर वेगाने कापलं तर सहा सेकंद हवेत मिळतात, दहा मीटरच्या फळीच्या चौपट! ऐकायला चैन वाटते, पण सुटताना झालेली चूक सहा सेकंद सगळ्यांसमोर सावकाश उलगडत जाते. खरी परीक्षा उतरण्याची. गुडघे नेमके इतके वाकवायचे की आलेला सगळा वेग त्यात जिरेल. गुण आमच्यासारखेच: सात पंच, वरचे दोन आणि खालचे दोन गुण सोडायचे, उरलेल्या तिनांची बेरीज गुणिले काठिण्य. वर-खाली कुठे ते आधी ठरवून घ्या, नाहीतर पंचांच्यातच भांडण लागेल. एक जण छताला पाय लावून बसलेला असेल.

तिथे पोहण्याचा तलाव का नाही करत? तुमच्यासारख्यांची सोय होईल.

पाणी तळाशी राहायला तळ हवा. तिथे ते गोळा होऊन तरंगतं, आणि अंगाला लागलं की चिकटून पसरतं. जुलै २०१३ मध्ये लुका पार्मितानो स्थानकाबाहेर काम करत असताना त्यांच्या शिरस्त्राणात पाणी शिरलं. ते नाका-डोळ्यांवर चढत गेलं, हाताने पुसायची सोय नाही, काम अर्धवट टाकून त्यांना आत यावं लागलं. म्हणजे मोठ्या पाण्याच्या गोळ्यात शिरणं जिवाशी खेळ आहे, कारण कुठल्या दिशेला हात मारले की हवा लागेल ते कळायचं नाही. छोटा गोळा चालतो. जानेवारी २०१६ मध्ये स्कॉट केली यांनी पाणी न चिकटणाऱ्या बॅटींनी पाण्याच्या थेंबाचं टेबल टेनिस खेळून दाखवलं.

आमच्या खेळात शिंतोडे जितके कमी तितके गुण जास्त. तिथे मी पाण्यात सूर मारलाच, तर उडालेला एकेक शिंतोडा टॉवेल घेऊन पकडत हिंडायची पाळी माझ्यावर येईल, आणि एखादा जाळीतून आत जायच्या आधी.