जुना ट्रॉली जॅक गाडी उचलतो पण हळूहळू खाली बसतो, बाहेर तेलाचा थेंब दिसत नाही. दुरुस्त करावा की नवा घ्यावा? दुरुस्तीला खर्च किती?

दुरुस्त करा. आणि जॅक उघडायच्या आधीच “सील गेलंय” म्हणणाऱ्याच्या हातात तो देऊ नका.

तुम्ही लिहिलंय की बाहेर तेलाचा थेंब दिसत नाही. मोठ्या रॅमची, म्हणजे भार उचलणाऱ्या दांड्याची, बकेट (वाटीसारखं सील) गेली असती तर बहुतेक वेळा पुढून तेल पाझरलं असतं. तुमचं तेल आतल्या आत टाकीत परत जातंय. म्हणजे भार सोडायचा व्हॉल्व्ह नीट बसत नाही, नाहीतर आतल्या व्हॉल्व्हच्या छर्ऱ्याखाली, म्हणजे पोलादी गोळीखाली, कचरा अडकलाय. गाडी उचलल्यावर पंप मारायचा दांडा आपोआप वर येऊ लागला तर पंपाकडचा छर्रा गळतोय हे नक्की. बरेच जॅक जुनं तेल काढून, आतून धुऊन नवं तेल भरलं की सरळ होतात.

“जुनं आहे, टाकून द्या” हे ऐकलं की मला राहवत नाही, म्हणून लिहायला बसलो. आमचं गॅरेज सांगलीत, गावभागाच्या अंगाला. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी ४५. गाड्या निघाल्या, कंप्रेसरची मोटर निघाली, वेल्डिंग मशीन माडीवर गेलं. अण्णांचा ३ टनी ट्रॉली जॅक तेवढा खाली राहिला. जाड पत्र्याचा, ओतीव चाकांचा जॅक, एकट्याला उचलत नाही. पाणी ओसरलं तेव्हा तो गाळात रुतलेला होता. त्या दिवसांत गल्लीगल्लीत भंगाराचे टेम्पो फिरत होते आणि लोक अर्धा संसार त्यात चढवत होते. थोरला भाऊ म्हणाला, “दे की तो पण, काय राहिलंय त्यात?” मी नाही म्हणालो.

मी घरचा चिखल काढण्यात होतो, तेवढ्यात दादानं जॅक पालथा करून पाणी काढलं आणि आत ब्रेक ऑइल ओतलं. त्याचं म्हणणं, ब्रेकपण हायड्रॉलिक आणि जॅकपण हायड्रॉलिक, मग तेल वेगळं कशाला? जॅक उचलू लागला, दादा खूश. थोड्याच दिवसांत पंपाच्या आत-बाहेर सरकणाऱ्या दांडीतून आणि पुढून रॅममधून, दोन्हीकडून गळायला लागला. “पुराचं पाणी लागलं, सील गेले, आता तरी भंगारात घाल,” हे त्याचं पुढचं वाक्य. हा वाद आमच्या घरात अजून चालू आहे.

मी जॅक खोलला. बकेट आणि ओरिंग चहात बुडवलेल्या खारीसारखे फुगून मऊ झालेले. पाण्यानं सील असे होत नाहीत. जॅकचे सील बहुतेक नायट्राइल रबराचे असतात. ते खनिज तेलात वर्षानुवर्षं टिकतात, पण डॉट ३, डॉट ४ हे ब्रेक ऑइल ग्लायकॉलचं असतं, त्यात ते फुगतात. ब्रेकमधलं रबर वेगळ्या जातीचं असतं म्हणून तिथं ते चालतं. शिवाय ब्रेक ऑइल हवेतली ओल ओढून घेतं. पुरावा हवा असेल तर त्याच खोलीत, त्याच पाण्यात आमचा टेम्पोचा बाटली जॅकही बुडाला होता. त्याला दादानं हात लावला नव्हता. आतलं तेल ताकासारखं पांढरं झालेलं, मी ते काढून, धुऊन ३२ नंबरचं हायड्रॉलिक ऑइल भरलं. त्याचे सील मूळचेच आहेत आणि आजही गळत नाहीत.

मोठ्या जॅकच्या पंपाची दांडी गंजून खड्डे पडले होते. खड्ड्यांच्या दांडीवर नवं सील घालणं म्हणजे पैसे गटारात. कुपवाड एमआयडीसीत एका लेथवाल्याकडून क्रोम चढवलेल्या दांडीतून तेवढ्याच मापाची नवी करून घेतली. सीलचं माप जुन्या सीलवरून घेऊ नका, ते फुगलेलं किंवा झिजलेलं असतं. व्हर्नियरनं दांडीचा बाहेरचा आणि सिलिंडरचा आतला व्यास घ्या, सील बसतं त्या गाळ्याची उंची घ्या, मग दुकानात जा. बकेट बसवताना तिची ओठाळ बाजू दाबाकडे. फार जुन्या जॅकमध्ये चामड्याची बकेट निघते, ती कोरडी बसवायची नाही, आधी तेलात मुरवायची.

छर्ऱ्याची बैठक खराब असेल तर तोच छर्रा जागेवर ठेवून पितळी दांडीनं वर एक हलका ठोका द्यायचा, मग बेअरिंगच्या दुकानातून त्याच मापाचा नवा छर्रा टाकायचा. जोरात ठोकलं तर बैठक कायमची जाते. कुठला छर्रा आणि कुठली स्प्रिंग कुठून निघाली याचा खोलतानाच फोटो काढा.

तेल भरताना रॅम पूर्ण खाली हवा. भोकाच्या खालच्या कडेपर्यंत भरा, काठोकाठ नाही. मग सोडायचा व्हॉल्व्ह उघडा ठेवून भरभर पंप मारा, हवा निघते. हवा राहिली तर जॅक स्पंजासारखा दबतो आणि लोक परत सीललाच शिव्या देतात.

आता जे आधी सांगायला हवं होतं. जादा भाराचा जो छोटा व्हॉल्व्ह असतो, बहुधा लाखेनं किंवा टोपीनं बंद केलेला, त्याला पान्हा लावू नका. गाडी उचलणाऱ्या बाहूला तडा असेल, कुणी आधी वेल्डिंग मारलेलं असेल किंवा रॅमवर लांबवर खड्डे असतील, तर मीसुद्धा तो जॅक भंगारातच घालेन. खोलताना मागे ओढणारी स्प्रिंग जपून काढा. आणि दुरुस्त झालेला असो वा कोरा, जॅक फक्त उचलायला. गाडी घोड्यांवर, म्हणजे लोखंडी स्टँडवर, बसल्याशिवाय खाली कुणी शिरायचं नाही.

खर्चाचा आकडा मी सांगत नाही, मजुरी गावागणिक बदलते. सील, छर्रे आणि तेल एवढंच लागलं तर ती रक्कम नव्या दणकट जॅकच्या जवळपासही जात नाही. दांडी करून घ्यावी लागली तर आधी लेथवाल्याला विचारा. दादानं त्या वर्षी बाजारातून हलका नवा जॅक आणला, त्याची चाकं वाकली आहेत. अण्णांचा जॅक काल बोलेरो उचलत होता, आणि पंप मारत होता दादा.