परदेशी कमाईवर चालणारा देश : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमच्या सोसायटीचे रखवालदार नेपाळच्या अछाम जिल्ह्यातले आहेत. त्यांच्या गावातले बहुतेक तरुण भारतात, आखातात किंवा मलेशियात असून सगळेच घरी पैसे पाठवतात, असे ते सांगतात. इतका पैसा येऊनही नेपाळमध्ये रोजगार का वाढत नाही? घरचे लोक तो चैनीत उडवतात, हे खरे का?
– एक वाचक, चिंचवड

उत्तर : चैनीचा आरोप अन्यायाचा आहे, म्हणून आधी त्याविषयी. या पैशाचा मोठा भाग धान्य, औषधपाणी, मुलांची फी आणि कर्जफेड यांवर जातो, आणि उरला तर घर पक्के होते. कर्ज बहुधा परदेशी जाण्यासाठीच काढलेले असते. सरकारने 2015 मध्ये आखाती देश आणि मलेशियासाठी व्हिसा व तिकिटाचा खर्च मालकानेच सोसावा असे धोरण जाहीर केले. तरीही दलाल कामगाराकडून मोठी रक्कम उकळतात, ती सावकाराकडून भरमसाट व्याजाने उचलावी लागते आणि सुरुवातीच्या महिन्यांचा पगार ती फेडण्यातच संपतो. अशा घराने पोटाला चिमटा काढून कारखाना उभारावा, ही अपेक्षा मला समजत नाही.

घराघरांत या पैशाने झालेला बदल मोठा आहे. 1995-96 च्या पाहणीत नेपाळमधल्या सुमारे चारपैकी एका घरी असा पैसा येत असे. 2022-23 च्या पाहणीत हेच प्रमाण तीन चतुर्थांशांवर गेले. 1995-96 ते 2010-11 या काळात दारिद्र्यरेषेखालील लोकांचे प्रमाण 42 टक्क्यांवरून सुमारे 25 टक्क्यांवर आले. ही घट होत असताना देशात माओवादी संघर्षाचे दशक सरले, हे ध्यानात घेतले म्हणजे बाहेरून आलेल्या कमाईचा आधार किती मोठा होता ते कळते. संकटकाळात हा पैसा सहसा आटत नाही. 2020 मध्ये कोविडमुळे गरीब व मध्यम उत्पन्नाच्या देशांकडे जाणारी अशी रक्कम सुमारे 20 टक्क्यांनी घटेल, असा जागतिक बँकेचा अंदाज होता. प्रत्यक्षात घट दोन टक्क्यांच्याही आत राहिली. स्वतःचे जेवण आखडून लोकांनी घरी पैसे पाठवले असतील, यात मला शंका वाटत नाही.

मग रोजगार का वाढत नाही? कतारमधल्या मजुराचे रियाल रुपये होऊन घरी पोहोचतात आणि त्यांतून तांदूळ, तेल, मोबाइल, बांधकामाची सळई अशी खरेदी होते. यातला बराच माल आयात केलेला, तोही मुख्यतः भारतातून आलेला असतो, म्हणजे मागणी वाढली नेपाळमध्ये आणि काम मिळाले ते सीमेपलीकडच्या कारखान्यांना. सरकारच्या महसुलाचाही मोठा भाग सीमेवर आयातीवर आकारलेल्या करांतून येत असल्यामुळे देशात उद्योग उभे राहिले नाहीत तरी तिजोरी लगेच रिकामी होत नाही, आणि धोरण बदलण्याची निकडही जाणवत नाही. शिवाय नेपाळी रुपयाचा दर एका भारतीय रुपयाला 1.60 असा बांधलेला आहे. गावात पैसा खेळू लागला आणि मजूर मिळेनासे झाले की मजुरी व जमिनीचे भाव चढतात, पण चलनाचा दर तोच राहतो, त्यामुळे स्थानिक माल महाग पडून भारतीय मालापुढे टिकत नाही. डोंगरउतारावरची शेते पडीक राहतात. जी कसली जातात त्यांचा भार स्त्रिया आणि म्हाताऱ्यांवर असतो.

बाहेरून येणारी ही रक्कम नेपाळच्या राष्ट्रीय उत्पन्नाच्या साधारण चौथ्या भागाइतकी आहे. भारत ही जगातली सर्वांत मोठी रक्कम मिळवणारा देश असला, तरी आपल्याकडे हे प्रमाण तीन-साडेतीन टक्क्यांच्या घरात आहे. इतक्या अवलंबनाचा धोका 2022 मध्ये दिसला : आयात फुगली, परदेशातून घरी येणाऱ्या पैशाचा ओघ त्या मानाने वाढला नाही, परकीय चलनाची गंगाजळी घसरली आणि सरकारला मोटारी, दारू, महागडे मोबाइल अशा वस्तूंच्या आयातीवर काही महिने बंदी घालावी लागली. वीज, रस्ते, सिंचन आणि लहान उद्योगांना परवडणारे कर्ज ही कामे सरकारची आहेत. ती न करता मजुरांच्या कुटुंबांना काटकसरीचे धडे देणे मला पटत नाही.

प्रश्न : आमच्या हॉटेलातले नेपाळी कामगार ओळखीच्या माणसाकडे रोख देऊन पैसे गावी पाठवतात. यात धोका आहे का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : आहे. मधल्या माणसाने पैसे पोहोचवलेच नाहीत, तर हातात पावती नसते आणि दादही मागता येत नाही. रिझर्व्ह बँकेने 2008 पासून भारतातून नेपाळला पैसे पाठवण्याची योजना सुरू केली आहे. तिच्यातून एनईएफटीची, म्हणजे एका बँकेतून दुसऱ्या बँकेत इलेक्ट्रॉनिक पद्धतीने पैसे पाठवण्याची, सोय असलेल्या बँक शाखेतून नेपाळमध्ये पैसे पाठवता येतात, आणि खाते नसलेल्या माणसालाही ओळखपत्र दाखवून एका वेळी 50,000 रुपयांपर्यंत रोख भरता येते. खातेदारांसाठी ही मर्यादा 2021 मध्ये दोन लाख करण्यात आली. कामगाराला शाखेतला अर्ज भरणे अवघड वाटत असेल, तर पहिल्या वेळी आपण स्वतः त्याच्याबरोबर जावे आणि पावतीवरचे पैसे घेणाऱ्याचे नाव त्याच्या नेपाळमधल्या ओळखपत्राशी अक्षरशः जुळते का, ते तपासून घ्यावे.